कारणाचा रकाना

डिसेंबर २००८ मध्ये चीनच्या सर्वोच्च जनन्यायालयाने आपलीच २७ जुनी कायदेविषयक स्पष्टीकरणे एका फटक्यात रद्द केली. यात वावगे काही नाही. कालबाह्य झालेले वेळोवेळी काढून टाकायचे, ही तिथली नेहमीची रीत आहे. ही सातवी खेप होती. निर्णयासोबत एक तक्ता होता: स्पष्टीकरणाचे नाव, तारीख आणि शेवटच्या रकान्यात रद्द करण्याचे कारण. काही नोंदींपुढे लिहिले होते, की २००७ च्या मालमत्ता कायद्याशी त्या जुळत नाहीत. काहींपुढे, परिस्थिती बदलली आहे. थोड्या नोंदींपुढे मात्र एवढेच, की त्यांचा वापर थांबला आहे. १३ ऑगस्ट २००१ चे एक उत्तर या शेवटच्या गटात होते.

वापर थांबला, म्हणून रद्द. पण थांबवला कोणी? कधी? कशासाठी? रद्द का केले याचे उत्तर, ते बंदच होते म्हणून. असे कारण लिहिलेली फाईल तालुक्याच्या अव्वल कारकुनानेही शेरा मारून परत धाडली असती. इथे ते देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने लिहिले. तेही त्या उत्तराबद्दल, ज्याची चर्चा चीनमधल्या कायद्याच्या प्रत्येक वर्गात होत होती.

ते उत्तर छी यूलिंग खटल्यातले. शांडोंग प्रांतातल्या तंगजौची ही मुलगी १९९० मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाली. जिनिंगच्या व्यापार शाळेत तिला प्रवेश मिळाला. प्रवेशाचे पत्र तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही. ते तिच्याच शाळेतल्या दुसऱ्या एका मुलीच्या हाती गेले. ही दुसरी मुलगी मुख्य परीक्षेआधीच्या चाळणीतच गळालेली. वडिलांचे मात्र गावात वजन. त्या पत्रावर ती छी यूलिंग म्हणून जिनिंगला गेली, छी यूलिंग म्हणून शिकली, १९९३ मध्ये छी यूलिंग म्हणून बाहेर पडली आणि त्याच नावाने तंगजौत बँकेच्या नोकरीला लागली. खऱ्या छी यूलिंगच्या वाट्याला कारखान्यातले काम आले आणि पुढे तेही गेले. आपल्या नावाची एक बाई आपल्याच गावातल्या बँकेत बसते, हे तिला कळले तेव्हा नव्वदचे दशक संपत आले होते.

१९९९ मध्ये तिने दावा लावला. झाओच्वांगच्या मध्यम न्यायालयाने नाव चोरले गेल्याचे मान्य केले. शिक्षणाचा हक्क हिरावला गेल्याचे मान्य केले नाही. ती अपिलात प्रांताच्या उच्च न्यायालयात गेली. नावावरच्या हक्काला दिवाणी कायद्यात कलम होते. शिक्षणाचा हक्क होता राज्यघटनेच्या ४६ व्या कलमात. घटनेतले कलम थेट लावून एका नागरिकाला दुसऱ्याकडून भरपाई द्यायची का, या प्रश्नावर शांडोंगचे न्यायाधीश अडले.

अडलेल्या न्यायाधीशांसाठी तिथे मळलेली वाट आहे. वरच्या न्यायालयाला पत्र लिहून विचारायचे. पत्र बीजिंगला गेले. उत्तर आले, दोन वाक्यांचे. आपले पत्र मिळाले, हे पहिल्या वाक्यात. दुसऱ्यात असे, की नाव वापरण्याच्या मार्गाने त्या दुसऱ्या मुलीने आणि इतर प्रतिवादींनी छी यूलिंगचा घटनेने दिलेला शिक्षणाचा मूलभूत हक्क बुडवला, त्यातून तिचे प्रत्यक्ष नुकसान झाले, तेव्हा त्यांनी दिवाणी जबाबदारी उचलावी. त्याच महिन्यात शांडोंगच्या उच्च न्यायालयाने तिला सुमारे ९८ हजार युआन मंजूर केले.

चीनमध्ये तेव्हा मोठा गाजावाजा झाला. घटना अखेर कोर्टाची पायरी चढली, असे म्हटले गेले. या गाजावाज्यात ती पायरी कशी चढली, हे पाहायला फारसे कोणी थांबले नाही.

छी यूलिंग सर्वोच्च न्यायालयापुढे कधी उभी राहिली नाही. तिच्या बाजूचा युक्तिवाद तिथे झाला नाही, दुसऱ्या बाजूचाही नाही. खटला एका ठिकाणी चालला आणि त्याचा निर्णायक मुद्दा दुसऱ्या ठिकाणी, पक्षकारांच्या पाठीमागे ठरला. कनिष्ठाने वरिष्ठाला विचारले, वरिष्ठाने कळवले. कळवताना का, ते सांगितले नाही. ४६ वे कलम सरकारला बांधते की शेजाऱ्यालाही, दिवाणी कायद्यातले कलम पुरेसे असताना घटनेपर्यंत जायची गरज काय, उद्या घटनेतले दुसरे कुठले कलम घेऊन कोणी आले तर काय करायचे, यांतल्या एकाही प्रश्नाला त्या दोन वाक्यांत जागा नव्हती.

कारणे होती. पण ती वर्तमानपत्रात होती. पहिल्या दिवाणी विभागाचे तेव्हाचे प्रमुख न्यायाधीश हुआंग सोंगयौ यांनी उत्तराच्याच दिवशी न्यायालयाच्या दैनिकात स्वतःच्या नावाने लेख लिहिला. घटना न्यायालयांच्या वापरात यायला हवी, हे त्यांनी तिथे सविस्तर मांडले. अमेरिकेतल्या १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्याचाही दाखला दिला. लेख वाचनीय होता. पण निकालाची कारणे निकालात नसून न्यायाधीशाच्या लेखात असतात, तेव्हा ती न्यायालयाची होत नाहीत. ती त्या माणसाची राहतात. माणूस गेला की तीही जातात.

माणूस गेला. हुआंग २००२ च्या अखेरीस न्यायालयाचे उपाध्यक्ष झाले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना भ्रष्टाचाराच्या चौकशीत पदावरून काढले. दोन महिन्यांनी तो तक्ता निघाला. जानेवारी २०१० मध्ये लांगफांगच्या न्यायालयाने त्यांना लाचखोरी आणि अपहारासाठी जन्मठेप सुनावली. लाचेची रक्कम ३९ लाख युआनच्या वर होती. हुआंग यांचे पतन आणि उत्तराचे रद्द होणे यांचा संबंध आहे, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ‘वापर थांबला’ एवढ्यावरून तो नाही, असेही ठरत नाही. कारण लिहिले असते तर ही कुजबुज उठली नसती.

इथे एक सोपे स्पष्टीकरण तयार असते. पक्ष ठरवतो, न्यायालय लिहिते, आणखी काय हवे? मार्च २००८ मध्ये कायद्याचे पदवीधर श्याओ यांग सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षपदावरून गेले आणि पोलीस व पक्षाच्या राजकीय-कायदा आयोगात हयात घालवलेले वांग शंगजुन आले. पक्षाचे कार्य, जनतेचे हित आणि मग घटना व कायदा, या क्रमाची घोषणा त्यांनी न्यायाधीशांच्या तोंडी बसवली. पुढचे अध्यक्ष झौ च्यांग यांनी जानेवारी २०१७ मध्ये न्यायपालिकेचे स्वातंत्र्य ही पाश्चात्त्यांची चुकीची कल्पना असल्याचे जाहीरच केले. हे सगळे खरे आहे. पण या स्पष्टीकरणाची एक गैरसोय आहे. ते लावले की प्रत्येक गोष्टीचा उलगडा होतो आणि कुठलीच गोष्ट जवळून पाहावी लागत नाही. पक्षाने २००८ मध्ये हे उत्तर काढायला सांगितले असे धरले, तरी ते इतक्या सहज काढता का आले, हे उरतेच.

ते सहज निघाले, कारण ते तसेच घातले होते. घटना आणि न्यायालय यांच्याविषयी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आजवर जे काही ठरवले, त्याचा माग काढला तर हाती पत्रांची एक चवड लागते. जुलै १९५५ मध्ये शिनजियांगच्या उच्च न्यायालयाला पत्र: फौजदारी निकालात शिक्षेचा आधार म्हणून घटना घेऊ नये. १९८६ मध्ये जियांगसूच्या उच्च न्यायालयाला पत्र: निकालात कशाकशाचा आधार घ्यावा याची यादी, तीत घटनेचे नावच नाही. २००१ मध्ये शांडोंगला पत्र: घटनेने दिलेला हक्क बुडाला, भरपाई द्या. २००८ मध्ये तक्ता. एक पत्र दुसऱ्याचे खंडन करत नाही. एक दुसऱ्याचा उल्लेखही करत नाही. नवे परिपत्रक आले की जुने गैरलागू. कार्यालये अशी चालतात आणि चालावीतही. त्यांच्याकडून युक्तिवादाची अपेक्षा नसते.

२००१ च्या उत्तराने ज्यांना हर्ष झाला, त्यांनी ही रीत तेव्हा चालवून घेतली. निकाल मनासारखा होता. दोन वाक्यांत हक्क मिळतो आहे तर चारशे पानांचा आग्रह कशाला? तो आग्रह न धरण्याची किंमत सात वर्षांनी कळली. मत खोडायचे तर आधी ते मांडलेले असावे लागते. मांडलेले असते, तर २००८ च्या न्यायालयाला त्याच्याशी झुंजावे लागले असते. किमान ते टाळल्याचे दिसले तरी असते. इथे टाळण्यासारखेही काही नव्हते. एक ओळ होती, ती वगळली.

रद्द करण्याच्या बाजूनेही भक्कम मुद्दा होता, हे मान्य करायला हवे. चीनच्या घटनेचे ६७ वे कलम घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार राष्ट्रीय जन काँग्रेसच्या स्थायी समितीला देते. न्यायालयाला देत नाही. २००१ मध्ये न्यायालयाने आपली मर्यादा ओलांडली, असे तिथल्या काही कायदेपंडितांनी म्हटले आणि ते अगदीच तकलादू नाही. मग तसे लिहायचे. ‘हा अधिकार आमचा नव्हता, ६७ व्या कलमाप्रमाणे तो स्थायी समितीचा आहे, म्हणून उत्तर मागे घेत आहोत’ एवढे रकान्यात सहज मावले असते. त्यावर वाद झाला असता. हक्क घटनेत आहे पण त्याची दाद न्यायालयात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सहीशिक्क्यानिशी नोंदले गेले असते. नेमके तेच लिहिणे अवघड गेले असणार.

मागे घेण्याची दुसरी रीत कशी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल १९७६ मध्ये आणीबाणीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले, की स्थानबद्धाला न्यायालयाचे दार वाजवता येणार नाही. त्या चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चूक ठरवला, चारही न्यायाधीशांच्या निकालपत्रांत गंभीर दोष असल्याचे लिहिले आणि दोष कुठे, तेही लिहिले. याला ४१ वर्षे लागली. आणीबाणीत तुरुंगात असलेल्यांना त्याचा उपयोग शून्य. तेव्हा छाती फुगवण्यासारखे इथे काही नाही. पण १९७६ चा निकाल शेकडो पानांचा होता, म्हणूनच तो खोडता आला. त्यातले कुठले वाक्य चुकले हे बोट ठेवून दाखवता आले. न्यायमूर्ती खन्ना यांचे एकट्याचे वेगळे मतही त्याच निकालात छापलेले होते, पुढच्यांना वाचायला.

चीनच्या न्यायाधीशांना कारणे देता येत नाहीत, असेही नाही. शिच्याच्वांगच्या न्ये शूबिन या तरुणाला १९९५ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च जनन्यायालयाच्या शनयांगच्या दुसऱ्या फिरत्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. तो निकाल वाचण्यासारखा आहे. अटकेनंतरच्या पहिल्या पाच दिवसांच्या जबानीचे कागद कुठे गेले, मृत्यूची वेळ कशावरून ठरली, हत्यार म्हणून दाखवलेल्या वस्तूचा पुरावा काय, एकेका गोष्टीला हात घालून पोलिसांची आणि खालच्या दोन न्यायालयांची बाजू तिथे उलगडली आहे. मेलेल्या माणसाला न्याय देताना न्यायालयाकडे पाने कमी पडली नाहीत. एका माणसाचा खटला असेल तर कारणे निघतात. राज्याच्या रचनेला हात लागत असेल तर रकाना पुरतो.

नाव चोरण्याचा प्रकार तक्त्याने थांबला नाही, हे वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये त्याच शांडोंग प्रांतात दुसऱ्याच्या प्रवेशपत्रावर पदवी मिळवल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली. संगणकावर जुन्या नोंदी ताडून पाहिल्यावर हे उघड झाले. बहुतेक चोऱ्या वीसेक वर्षांमागच्या, बहुतेक बळी खेड्यातल्या घरांमधले. गदारोळ झाला तेव्हा सरकारने हालचाल केली. डिसेंबर २०२० मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली, मार्च २०२१ पासून ती लागू झाली. दुसऱ्याच्या नावावर उच्च शिक्षणाचा प्रवेश लाटणे हा आता गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. चांगले झाले. यात चोराला शिक्षा आहे. पण ज्याचे शिक्षण गेले, त्याने कुठल्या हक्काच्या जोरावर न्यायालयात उभे राहायचे, याचे उत्तर त्यात नाही.

या न्यायालयाचे सध्याचे अध्यक्ष झांग जुन यांनी मार्च २०२३ मध्ये पद स्वीकारले, तेव्हा डावा हात राज्यघटनेच्या प्रतीवर ठेवून आणि उजवी मूठ उंचावून घटनेशी निष्ठेची शपथ घेतली. शपथेचा हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. दिवाणी निकालपत्र कसे लिहावे, याचा सर्वोच्च जनन्यायालयाचा नियम त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून लागू झाला. त्यानुसार घटनेतल्या तत्त्वांचा विवेचनात उल्लेख करायला हरकत नाही. निकालाचा आधार म्हणून घटनेचे कलम मात्र घालता येत नाही.